मुलांना सहभागी करून घेणारे शो: गर्दीच्या थीम पार्कमधला दिवस कसा आखावा

थीम पार्कचा दिवस आखताना बहुतेक घरांत आधी राइड्सची यादी होते आणि मग मधल्या मोकळ्या वेळात शो बसवले जातात. नुसत्या बघण्याच्या शोला हे चालून जातं. पण ज्या शोमध्ये पडद्यावरचं कासव तुमच्या मुलीला तिचं नाव विचारतं, किंवा कलाकार तुमच्या मुलाला हाताला धरून गोष्टीतला पहारेकरी करतो, तिथे हा क्रम उलटा करावा लागतो. मूल पेंगुळलेलं असलं तरी राइड ठरल्याप्रमाणे फिरते. सहभागाच्या शोचा मात्र निम्मा भार मुलावरच असतो. ते भुकेलं, बावरलेलं किंवा तासभर उन्हात उभं राहून आलेलं असेल, तर पहिल्या रांगेत जागा मिळूनही हाती काही लागत नाही. म्हणून चांगली जागा पटकावण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष मूल त्या दारापाशी कोणत्या अवस्थेत पोहोचतं याकडे द्यायला हवं. पुढचं सगळं नियोजन त्यासाठी आहे.

शो कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी बघा

‘इंटरॲक्टिव्ह शो’ या एका नावाखाली फार वेगवेगळे कार्यक्रम येतात, आणि प्रत्येकाची तयारी निराळी असते.

पहिला प्रकार पडद्यावरच्या बोलक्या पात्राचा. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कात २००४ मध्ये सुरू झालेला ‘टर्टल टॉक विथ क्रश’ हे याचं उत्तम उदाहरण. क्रश नावाचं कासव पडद्यावरून प्रेक्षकांतल्या मुलांशी थेट गप्पा मारतं, प्रश्न विचारतं, आलेल्या उत्तरावर तिथल्या तिथे बोलतं. ही आधी ध्वनिमुद्रित केलेली वाक्यं नसतात. पडद्याआड एक कलाकार असतो. तो प्रेक्षकांना बघत असतो आणि त्याच्या आवाजाबरोबर ॲनिमेशनमधलं कासव हलत असतं. २००५ मध्ये हा शो कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कात आला आणि २००९ मध्ये टोकियो डिस्नेसीमध्ये. अशा शोमध्ये मुलाला जागेवरून उठावं लागत नाही, त्यामुळे लाजऱ्या मुलांची सुरुवात इथून करणं मला सगळ्यात योग्य वाटतं.

दुसऱ्या प्रकारात मुलांना भूमिका वाटल्या जातात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्याच मॅजिक किंगडममध्ये २०१२ मध्ये सुरू झालेला ‘एन्चांटेड टेल्स विथ बेल’ या धर्तीचा. बेल म्हणजे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या गोष्टीची नायिका. मुलं गोष्टीतली पात्रं होतात, हातात छोटं सामान घेतात आणि बेलसमोर गोष्ट उभी करतात. खोली लहान असते, एका वेळी थोडेच लोक आत जातात, त्यामुळे रांग हळू सरकते. युनिव्हर्सलच्या पार्कांतल्या ऑलिव्हँडर्समध्ये, म्हणजे हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या जादूच्या छड्यांच्या दुकानात तर छोट्या गटातून बहुधा एकाच व्यक्तीला छडी ‘निवडते’, आणि ती व्यक्ती मूलच असेल असंही नाही. बाकीचे सगळे प्रेक्षक.

तिसरा प्रकार नावनोंदणीचा. ‘जेडाय ट्रेनिंग’ हा डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांतला ‘स्टार वॉर्स’वरचा शो आता बंद झाला आहे, पण त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ४ ते १२ वर्षांच्या मुलांची नोंदणी त्याच दिवशी, प्रत्यक्ष जागेवर, मुलाला सोबत नेऊन करावी लागे आणि गर्दीच्या दिवशी जागा सकाळीच संपत. तुम्ही जाणार त्या पार्कात असं काही असेल, तर पार्क उघडल्यावर पहिलं पाऊल तिकडेच पडलं पाहिजे. सगळ्यात लोकप्रिय राइडही त्यानंतर.

चौथ्या प्रकारात सगळेच सहभागी असतात: नाच, गाणी, टाळ्या, वरून पडणारे साबणाचे फुगे. निवड नाही, म्हणून हिरमोडही नाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी याहून चांगलं काही नाही असं माझं मत आहे. पालक मात्र यालाच ‘अगदी लहानांचं’ म्हणून यादीतून वगळतात.

कोणता प्रकार, हे कळलं की दोन गोष्टी लगेच तपासा: वयाची किंवा उंचीची अट, आणि शोची भाषा. भाषेचा विचार परदेशी जाणारी कुटुंबं हमखास विसरतात. टोकियोतलं क्रश जपानी बोलतं. पॅरिसच्या डिस्ने पार्कात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टिच लाइव्ह’ या पडद्यावरच्या बोलक्या पात्राच्या शोचे फ्रेंच आणि इंग्रजी खेळ वेगवेगळ्या वेळी ठेवले गेले. संवादावर चालणाऱ्या शोमध्ये प्रश्नच कळला नाही तर मूल ओशाळतं. त्यापेक्षा नाचगाण्याचा शो निवडलेला बरा.

दिवसाला एकच ‘मुख्य’ शो

यादी करायची तर शोची आधी करा, आणि त्यातला एकच शो ‘हा चुकवायचा नाही’ म्हणून ठरवा. दुसरा जमला तर जमला. गर्दीच्या दिवशी सहभागाचा प्रत्येक शो रांग, बसायची वाट आणि प्रत्यक्ष खेळ धरून तास-दीड तास खातो. त्यात मुलाची उत्सुकताही खर्च होते. सकाळी एका शोमध्ये जीव तोडून हात वर करून बसलेल्या मुलाला दुपारी पुन्हा तीच उमेद नसते.

मुख्य शो निवडताना मुलाला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘तुला स्टेजवर जायचंय का?’ याला घरात बसून सगळी मुलं हो म्हणतात. पार्काने स्वतः टाकलेला शोचा एखादा तुकडा दाखवा आणि मूल कशाकडे बघतं ते पाहा. स्टेजवरच्या मुलांकडे बोट दाखवून ‘त्यांना काय दिलं?’ विचारणारं मूल भूमिकांच्या शोसाठी तयार असतं. जे फक्त पात्राकडे बघत हसतं, त्याला प्रेक्षकांत बसूनही तेवढाच आनंद मिळेल. पात्र मोठा मुखवटा घालून जवळ येणार असेल, तर तेही आधी दाखवून ठेवा. दोन-तीन वर्षांची अनेक मुलं चित्रात आवडणाऱ्या पात्राला समोर माणसापेक्षा मोठं झालेलं पाहून घाबरतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

संपूर्ण शो मात्र आधी दाखवू नका. सुरुवातीचा थोडा भाग पुरे. पुढे काय होणार हे माहीत असलेलं मूल उत्तरं आधीच ओरडतं आणि कलाकाराने विचारलेला खरा प्रश्न त्याच्या कानावरून जातो.

वेळापत्रक तीनदा बघा

पहिल्यांदा जाण्याच्या आठवडाभर आधी, दुसऱ्यांदा आदल्या रात्री आणि तिसऱ्यांदा पार्कात शिरताना. राइड दिवसभर चालू असते. शोमध्ये माणसं काम करतात, त्यांना विश्रांती लागते, आठवड्याची सुटी असते. त्यामुळे काही शो आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच होतात, काहींचा पहिला खेळ पार्क उघडल्यावर तास-दोन तासांनी असतो, आणि शेवटचा खेळ पार्क बंद होण्याच्या कितीतरी आधी संपतो. संध्याकाळवर ढकललेले शो बुडतात ते बहुतेक यामुळेच.

प्रवेशाची पद्धतही इथेच कळते, आणि ती पार्कागणिक बदलते. कुठे साधी रांग असते. टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये काही शोंसाठी ॲपवरून ‘एंट्री रिक्वेस्ट’ करावी लागते. ही सोडत असते, सगळ्या सोबत्यांची तिकिटं स्कॅन होऊन आत आल्यावरच ती करता येते आणि एका शोसाठी दिवसात एकदाच. अशा ठिकाणी निकालावर दिवस ठरतो, म्हणून आत पाऊल टाकताच ते काम उरका. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २०२४ पासून ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ ही पैसे मोजून छोट्या रांगेत जाण्याची सोय आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती ७ दिवस आधीपासून आणि इतरांना ३ दिवस आधीपासून घेता येते. ती मोठ्या प्रेक्षागृहाच्या शोवर खर्च करू नये असं मला वाटतं. प्रेक्षागृह एका खेळात शेकडो लोक सामावून घेतं, त्यामुळे रांग लांब दिसली तरी दार उघडताच मोकळी होते. लहान खोलीतल्या भूमिकांच्या शोला अशी सोय असेल, तर मात्र ती खरोखर उपयोगी पडते.

रांगेबाहेर लिहिलेल्या वेळेचा अर्थही शोच्या बाबतीत वेगळा असतो. ‘२० मिनिटं’ म्हणजे पुढचा खेळ २० मिनिटांनी, असा त्याचा अर्थ असू शकतो. तुमच्यापुढची माणसं प्रेक्षागृहाच्या क्षमतेत बसत असतील तर याच खेळात आत जाल, नाहीतर आणखी एक पूर्ण खेळ थांबावं लागेल. दारावरच्या कर्मचाऱ्याला थेट विचारा: ‘या खेळात आमचा नंबर लागेल का?’ त्यांना अंदाज असतो आणि ते सांगतात.

कोणता खेळ निवडायचा

मुलाच्या झोपेची आणि जेवणाची वेळ कागदावर लिहा आणि त्या वेळांवर येणारे सगळे खेळ सरळ खोडा. उरलेल्यांपैकी सकाळचा पहिला किंवा दुसरा खेळ शक्यतो घ्या. त्या वेळी बरीच गर्दी मोठ्या राइड्सकडे धावलेली असते आणि मूल ताजं असतं. यात एक किंमत मोजावी लागते. सकाळचा तोच तास राइड्सच्या छोट्या रांगांचाही असतो, दोन्ही मिळत नाहीत. मुलं सहा वर्षांखालची असतील तर मी डोळे झाकून शो निवडेन. मोठ्या राइड्सच्या उंचीच्या अटींमुळे त्यांना तिथे फारसं काही मिळतच नाही.

सकाळ जमली नाही तर परेडची, म्हणजे पार्कातल्या पात्रांच्या मिरवणुकीची वेळ बघा. परेडच्या मार्गावर लोक आधीपासून जागा धरून बसतात, त्या वेळात शोची रांग बरेचदा आखडते. भर दुपारचे खेळ मात्र सगळ्यात भरलेले असतात, कारण बंदिस्त थंड प्रेक्षागृहात सगळ्यांनाच बसायचं असतं. अचानक पाऊस आला की तेच होतं.

उलटी मोजणी

शोची वेळ ठरली की घड्याळ मागे मोजत या. समजा खेळ ११:३० चा आहे. दारं साधारण ११:१५ ला उघडतात असं धरलं, तर पुढे बसण्यासाठी ११:०० पर्यंत रांगेत हवं. त्याआधी बाबागाडी ठेवण्याची जागा शोधायची, तिच्यातली पिशवी, पाणी, औषधं काढून घ्यायची. त्याआधी स्वच्छतागृह, आणि तिथेही गर्दीच्या दिवशी रांग असते. त्याआधी काहीतरी खाणं. आणि या सगळ्याआधी पार्काच्या त्या भागापर्यंत चालणं, तेही मुलाच्या पावलांनी. म्हणजे १०:१५ नंतर कोणत्याही राइडच्या रांगेत शिरायचं नाही. ‘फक्त २५ मिनिटांचीच रांग आहे’ म्हणून शिरलेल्या राइडने बुडवलेले शो असंख्य असतील.

रांगेतली १५-२० मिनिटं वाया जाणार म्हणून चिडू नका. मुलाला शोबद्दल सांगायला हीच वेळ चांगली: आत अंधार होईल, मोठा आवाज येईल, मग ते विचारतील ‘नाव काय तुझं?’ हाच प्रश्न दोनदा, मोठ्याने, अनोळखी आवाजात विचारा आणि उत्तर मोठ्याने द्यायला लावा. स्वतःचं नाव स्पष्ट सांगता येणं, एवढीच तयारी बहुतेक शोंना पुरते. रांगेत मोबाइलवर कार्टून लावून दिलं, तर शो सुरू होताना तो हातातून काढून घ्यावा लागतो आणि मूल रडतच आत शिरतं. तो मोह टाळा.

आत गेल्यावर कुठे बसायचं

अनेक शोंमध्ये मुलांना पुढे जमिनीवर आणि मोठ्यांना मागे बाकांवर बसवतात, टर्टल टॉकमध्येही तसंच आहे. हे पालकांना माहीत असतं, मुलांना नसतं. दारातून आत शिरताच ‘तू पुढे जा, आई मागे’ ऐकून धीट मूलही बिथरतं. रांगेतच सांगून ठेवा, आणि शो संपल्यावर कुठे भेटायचं तेही: ‘उठायचं नाही, मी तुझ्यापाशी येईन.’ मुलाने आपल्याला शोधत यायचं असं ठरवू नका. दिवे लागताच शेकडो माणसं एकदम उठतात. अगदी लहान मूल सोडायला तयार नसेल तर कर्मचाऱ्याला सांगा, कडेला एकत्र बसायची सोय बहुधा होते.

पुढे बसणाऱ्या मुलांत मध्यभागापेक्षा वाटेलगतची जागा मला अधिक पसंत आहे. कलाकार प्रेक्षकांत उतरतो तो वाटेवरूनच. मूल घाबरट असेल किंवा धाकटं बाळ सोबत असेल तर शेवटच्या ओळीचं टोक घ्या, दाराजवळचं, आणि दार कोणत्या बाजूने उघडतं ते बसण्याआधी बघून ठेवा.

निवड व्हावी म्हणून काय करता येतं

पालकांची सगळ्यात जास्त ओढाताण इथे होते. कलाकाराला थोड्या वेळात असं मूल हवं असतं जे त्याच्याकडे बघतंय, उत्सुक आहे आणि बोलावल्यावर येईल. म्हणून मुलाने कलाकाराकडे बघत राहणं, हात नीट वर करणं आणि विचारेपर्यंत थांबणं याचा खरा उपयोग होतो. ठळक एकरंगी सदरा किंवा फ्रॉकही कामी येतो. ‘तो निळ्या सदऱ्यातला मुलगा’ असं म्हणणं सोपं जातं, आणि पडद्यावरची पात्रं मुलांना कपड्यांच्या रंगावरूनच हाक मारतात. वाढदिवस असेल आणि पार्क त्यासाठी बिल्ला देत असेल तर तो लावा.

मुलाला खांद्यावर घेऊन नाचवणं, मागून ‘इकडे, इकडे’ ओरडणं, मुलाच्या वतीने आपणच उत्तर देणं यातलं काहीच उपयोगाचं नाही. उलट मागच्या मुलांना दिसेनासं होतं आणि आपलं मूल कलाकाराऐवजी आपल्याकडे वळून बघायला लागतं.

आणि हिशेब मुलाला आधीच सांगा. खोलीत ३० मुलं आणि भूमिका ६ असतील, तर पाचातल्या चौघांना भूमिका मिळणार नाही. ‘तुला नक्की घेतील’ हे वचन कुणीच देऊ नये, आजी-आजोबांनीही नाही. त्याऐवजी प्रेक्षकांतल्या मुलांना जे काम असतं, उदाहरणार्थ ओरडून इशारा देणं, गाण्याच्या ओळी पूर्ण करणं, त्यालाच भूमिका म्हणून आधी ठरवून टाका. निवड झाली नाही आणि मूल रडलं, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. त्याच्यासाठी ते खरोखरच मोठं असतं. जवळ घ्या, रडू द्या, आणि भरपाई म्हणून लगेच दुकानात नेऊ नका, नाहीतर पुढच्या शोमध्ये त्याचं लक्ष दुकानाकडे लागेल.

निवड झाली तर दोन मोठ्यांनी काम वाटून घ्यावं. एकाने चित्रीकरण करावं, फ्लॅश बंद ठेवून आणि परवानगी असेल तरच. दुसऱ्याने मोबाइल खिशात ठेवून मुलाला दिसेल अशा जागी बसावं. स्टेजवर गेलेलं मूल पहिल्यांदा आपलं माणूस शोधतं, आणि त्याला मोबाइलमागे लपलेला चेहरा नको असतो. वर जाऊन मूल गोठलं तर खालून सूचना देऊ नका, कलाकारांना अशा प्रसंगांची सवय असते. त्याने परत यायचं म्हटलं तर येऊ द्या.

भावंडं, आणि ज्या मुलांना गोंगाट सोसत नाही

दोन भावंडांपैकी एकालाच बोलावलं जाण्याची शक्यता गृहीत धरूनच जा. वयात तीन-चार वर्षांचं अंतर असेल तर त्यांना वेगवेगळे शो द्या: एक पालक धाकट्याला नाचगाण्याच्या शोला नेईल, दुसरा मोठ्याबरोबर राइडला. दोघांनाही एकेका पालकाचं पूर्ण लक्ष मिळतं, आणि गर्दीच्या दिवशी तीच सगळ्यात दुर्मीळ गोष्ट.

स्वमग्नता असलेल्या किंवा आवाज, अंधार, अचानक चमकणारे दिवे यांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी तयारी थोडी आधी सुरू करावी लागते. अमेरिकेतलं सेसमी प्लेस हे २०१८ मध्ये ‘सर्टिफाइड ऑटिझम सेंटर’ म्हणून प्रमाणित झालेलं पहिलं थीम पार्क. तिथे कोणत्या राइडमध्ये आणि शोमध्ये आवाज, प्रकाश, स्पर्श किती याची मार्गदर्शिका मिळते. आता अनेक पार्कांत अशी मार्गदर्शिका आणि शांत खोली असते. रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत वेगळी सेवा आहे, तिची नोंदणी व्हिडिओ कॉलवरून आधीच करता येते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी काही पार्क सांकेतिक भाषेचे दुभाषी देतात, पण त्यासाठी आगाऊ कळवावं लागतं. कान झाकणारे हेडफोन घरीच वापरून सवय करा, पार्कात पहिल्यांदा घातले तर मूल ते काढून फेकतं. आणि दारावरच्या कर्मचाऱ्याला दोन वाक्यांत सांगा: ‘मुलाला अचानक बोलावलेलं सोसत नाही, कृपया त्याला निवडू नका.’ हा निरोप कलाकारापर्यंत पोहोचवण्याची विनंती निःसंकोच करा.

शो रद्द झाला तर

वारा, पाऊस, विजा, तांत्रिक बिघाड, कलाकाराची तब्येत, काहीही होऊ शकतं. उघड्या स्टेजवरचे शो आधी रद्द होतात. म्हणून मुख्य शोचा त्याच दिवसातला दुसरा एक खेळ आणि जवळचा एक बंदिस्त शो लिहून ठेवा. एकाहून जास्त दिवस असतील तर मुख्य शो पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे उरलेले दिवस हाताशी राहतात. मुलाला सांगताना ‘आज होणार नाही’ आणि ‘आता आपण काय करणार’ ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगा.

शो झाला की पुढची वीस मिनिटं काही ठरवू नका. सावलीत बसा, पाणी द्या, आणि मूल काय सांगतंय ते ऐका. बरीच मुलं लगेच तोच शो पुन्हा बघायचा हट्ट धरतात. गर्दी कमी असेल आणि पुढचा खेळ जवळ असेल तर खुशाल पुन्हा जा. काय होणार हे आता ठाऊक असतं, त्यामुळे पहिल्या खेळात गप्प बसलेलं मूल दुसऱ्यात हात वर करतं.